‘जतन झाले’ म्हणण्याआधी

नवीन जालन्यातल्या वजनकाट्यांना छोटे लिनक्स संगणक बसवून देणं हा माझा व्यवसाय. काट्यावर स्टील कारखान्यांकडे निघालेले भंगाराचे ट्रक येतात, तशाच शेतमालाच्या ट्रॉल्याही. लिहिता लिहिता वीज गेली तर मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून रूट, म्हणजे मूळ फाइल सिस्टिम, मी फक्त वाचण्यापुरती ठेवतो. होणारे बदल ओव्हरलेएफएसच्या वरच्या थरात, रॅममध्ये जातात. ही सोय २०१४ च्या ३.१८ कर्नलपासून लिनक्समध्येच आहे. वीज गेली की बदल पुसले जातात आणि यंत्र पूर्ववत उभं राहतं.

वजनं मात्र पुसली जाऊन चालत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं एक्स्ट४ पार्टिशन करायचं, त्याची ओळख एफएसटॅब या माउंटच्या यादीत लिहायची, नोंदींच्या फोल्डरवर ते माउंट करायचं. काम एवढंच. पण ते मी कोणाच्या सोयीसाठी करतो?

एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहिलं की पार्टिशन जोडलं गेलं नाही तरी यंत्र सुरू होतं. मला रात्री फोन येत नाही. पण नोंदी त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रॅममध्येच, पडत राहतात. पडद्यावर सारं ठीक दिसतं. मग वीज जाते आणि दिवसभराची वजनंही जातात. वाद झालाच तर व्यापाऱ्याकडे स्वतःची वही असते. शेतकऱ्याकडे बहुधा पावतीशिवाय काहीच नसतं. माझ्या शांत झोपेची किंमत त्याने का मोजावी?

म्हणून पार्टिशन जोडलेलं नसेल तर वजनाचा प्रोग्राम सुरूच होऊ नये, अशी अट मी प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिस्टिमडीला घालतो. काटा थांबतो, रांग लागते, लोक माझ्यावर चिडतात. तो राग मला मान्य असला पाहिजे.

दुसरी गोष्ट दिसायला बारीक आहे. प्रोग्रामने लिहिलं म्हणजे कार्डावर उतरलं असं नसतं. कर्नल ते साधारण ३० सेकंद रॅममध्ये धरून ठेवू शकतो. तेव्हा एफसिंक, म्हणजे ते कार्डावर उतरवण्याचा आदेश, यशस्वी झाल्यावरच ‘जतन झाले’ दाखवायचं, पावतीही त्यानंतरच छापायची. माझा कोड कुणी शेतकरी तपासणार नाही. म्हणूनच त्यातला खरेपणा सर्वस्वी माझ्यावर आहे.

आणि हलकं कार्ड एफसिंकलाही खोटा होकार देऊ शकतं. तिथवर माझा हात पोचत नाही. त्यामुळे कागदी पावती बंद करून पैसे वाचवू, असं कुणी काटामालक म्हणाला, तर त्याला मी नाही म्हणायला हवं, काम हातचं गेलं तरी.