आजचे चिंतन : आधी अभय, मग दया

आज गीतेचा सोळावा अध्याय वाचायला घेतला. दैवी संपत्तीचे २६ गुण भगवंत सांगतात, त्यात पहिलं नाव अभयाचं. भूतमात्रांवरची दया त्याच्या पुढच्या श्लोकात येते.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या मनात भीती बसली आहे, त्याला नुसतं 'दया कर' सांगून काय उपयोग? भ्यालेला माणूस समोरच्याकडे नीट बघतच नाही.

तीन वर्षांपूर्वी पहाटे काकड्याला जाताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी माझं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेवरचा वळ आठवड्यात गेला. भीती राहिली. नेणारे दोघंच होते, पण धास्ती सगळ्याच तरुण पोरांची वाटू लागली. दूधवाला, पेपर टाकणारा, सगळे एका माळेत. अशी भीती चोराचं काहीच बिघडवत नाही. शिक्षा होते ती निरपराधांना, आणि आपल्याला.

मग अभय आणायचं कुठून? माउलींनी या एका शब्दावर मिठाचा दाखला दिला आहे. पाणी मिठाला बुडवायला आलं, तर मीठच पाणी होऊन जातं. मग बुडायचं कोणी? परका म्हणून कोणी उरला नाही की भीतीलाही जागा उरत नाही. एवढं अद्वैत आपल्या आवाक्यात कुठलं! पण त्याची पहिली पायरी साधी आहे : समोरचा कोण आहे, हे जाणून घ्यावंसं वाटणं. पेपर टाकणाऱ्या पोराला मी एक दिवस नाव विचारलं. बारावीला आहे, क्लासची फी स्वतः भरतो. तेव्हापासून त्याच्या गाडीचा आवाज ओळखीचा झाला.

आणि ते दोघं? ती पोरं या वाटेला कशी लागली असतील, हा प्रश्न आता मनात येतो. पोलिसांत तक्रार मी दिलीच होती, ती मागे घेणार नाही. 'असं का झालं' हे विचारणं म्हणजे 'झालं ते चाललं' म्हणणं नव्हे. पसायदानात माउलींनी दुष्ट नाहीसे व्हावेत असं मागितलं नाही, त्यांचं वाकडेपण जावं असं मागितलं. म्हणजे वाकड्याला वाकडं म्हटलंच आहे. आणि हे मागणारे कोण? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, ते.

तेही एकदा ताटी लावून आत बसले होते, असं परंपरा सांगते. ती उघडा म्हणून विनवणारी मुक्ताई होती, तोच अपमान सोसलेली धाकटी बहीण. मला वाटतं, यात आपल्यासाठी शिकवण आहे. ज्याला लागलंय त्याला 'विसर आता, माफ कर' असं बाहेरच्याने उंबऱ्यावरून सांगू नये. त्याच्या दाराशी बसावं, त्याचं ऐकावं. ताटी आतूनच उघडते, आणि तिला वेळ लागतो.

आज एवढंच करू या. ज्याने आपलं काही बिघडवलं नाही, तरी ज्याचा धसका वाटतो, अशा एका माणसाशी दोन शब्द बोलू या.

राम कृष्ण हरी.