काळ आणि वेळ

दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक सापडली की मराठी माणसाला रस्त्यात नोट सापडल्याइतका आनंद होतो. मराठीत कुणी ऱ्हस्व-दीर्घाचा खून पाडला तरी आपण शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटतो. पण 'आय डिड नॉट वेंट' असं कुणाच्या तोंडून निसटलं, की ते घरी जाऊन बायकोला सांगितल्याशिवाय घास गोड लागत नाही. बेरीज चुकली तर पैसे जातात, औषध चुकलं तर माणूस जातो. क्रियापद चुकल्यामुळे मात्र आजवर कुणाला साधं खरचटल्याचंही ऐकिवात नाही. मग एवढी मजा कसली वाटते? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की दुसऱ्याचं व्याकरण सुधारणं हे पुण्यकर्म की निव्वळ आगाऊपणा?

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे या प्रश्नातून माझी सुटका नाही. निवृत्त डॉक्टरला लोक जिन्यात जीभ दाखवतात, तसे मला वाक्य दाखवतात.

पहिली गोष्ट सांगतो, या चुका मूर्खपणाच्या नसतात. त्या इमानी मराठीच्या असतात. 'मी गेलो नाही' यातला भूतकाळ 'गेलो'मध्येच बसलेला असतो. नकार आला म्हणून तो जागा सोडत नाही. इंग्रजीत 'डिड' आला की तो सगळा भूतकाळ स्वतःच्या खिशात घालतो आणि बिचारं क्रियापद मूळच्या कपड्यांवर येतं. मराठी माणसाचा या 'डिड'वर विश्वास नसतो. असावा बरोबर म्हणून तो आणखी एक भूतकाळ जोडून देतो. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण 'डिड'च्या मागोमाग 'वेंट' यायचं काही थांबलं नाही.

'मी त्याला काल पाहिलं आहे' हे आपल्याकडे खुशाल चालतं. इंग्रजीत 'हॅव सीन' आणि 'यस्टरडे' यांचं सासू-सुनेसारखं आहे. एका वाक्यात नांदत नाहीत. आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'? वर्गात मी सांगत असे, की भाऊ असणं ही चालू क्रिया नव्हे, तेव्हा तिथं 'आयएनजी' नको. पण वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा दोन भावांबरोबर ज्याच्या नावावर आहे, त्याला विचारा. भाऊ असणं ही चांगली तीन तपं चालणारी क्रिया आहे!

शिवाय आपलं मराठी तरी काळाच्या बाबतीत कुठं सरळ आहे? न्हाणीघरात तोंडाला साबण लावलेला माणूस 'आलो, आलो!' म्हणून भूतकाळात ओरडतो. जाणारा पाहुणा 'येतो' म्हणतो आणि आपण 'या' म्हणून त्याला घालवतो. 'मेलो!' हे तर जिवंत माणसाखेरीज कुणालाच म्हणता येत नाही. काय झालं यापेक्षा समोरच्याला काय वाटेल, याची काळजी आपलं क्रियापद जास्त करतं.

शाळाशाळांतून ज्याची पारायणं झाली त्या 'रेन अँड मार्टिन'मधले रेनसाहेब काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. पुढं १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' ही वाळवंटातल्या किल्ल्याची कादंबरी लिहिली. तीत शत्रूला फसवण्यासाठी मेलेल्या शिपायांना तटावर बंदुका देऊन उभं करतात. काळांच्या तक्त्यात ओळीनं उभी केलेली क्रियापदं पाहिली, की मला तो तट आठवतो. कवायत चोख, पण कुणाच्यात जीव म्हणून नाही.

आता मूळ मुद्दा. शुद्ध वाक्य आणि खरं वाक्य यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का? आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'काम चालू आहे' अशी पाटी आहे. अपूर्ण वर्तमानकाळ, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. तिथं दोन पावसाळे एक घमेलंही हललेलं नाही. एका गृहस्थांनी मला फोनवर सुंदर उच्चारात सांगितलं, 'आय हॅव ऑलरेडी पोस्टेड द चेक.' पूर्ण वर्तमानकाळाचं इतकं नेटकं उदाहरण माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमलं नव्हतं. चेक अजून यायचा आहे. उलट आमचा प्लंबर म्हणाला, 'टुमारो आय विल केम, सर.' आणि सकाळी नऊच्या ठोक्याला हजर झाला! लाल शाईची रेघ नक्की कुणाखाली मारायची?

तुम्ही म्हणाल, मग चुकू द्या की लोकांना. छे! तेही सोपं नाही. समोरच्या बिल्डिंगमधला एक मुलगा हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी शोधत होता. त्याचे मित्र त्याच्या इंग्रजीला हसायचे. काका-मामा पाठ थोपटून 'छान बोलतोस रे' म्हणायचे. हसणारे दुष्ट आणि पाठ थोपटणारे दयाळू, हे खरं. पण दोघांच्या मधे उभा असलेला मुलगा प्रत्येक इंटरव्ह्यूतून तसाच परत यायचा. त्याची चूक त्याला कुणी सांगितलीच नव्हती. चांगुलपणाच्या नावाखाली माणसाला अंधारात ठेवणं हाही एक प्रकारचा अपमानच की! शेवटी तो आपणहून आला. दहा संध्याकाळी आम्ही दार लावून 'डिड' घोटला. रोज पन्नास वाक्यं. नोकरी लागली. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, 'सर, दे डिड नॉट आस्क मी एनीथिंग अबाउट यस्टरडे.' वाक्य बिनचूक होतं. पेढाही.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला. चूक सांगावी ती विचारल्यावर, चारचौघांत नव्हे, आणि तिची किंमत माणसाला मोजावी लागण्याआधी. नियम झकास होता. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका आले.

काका अठ्ठ्याहत्तरचे. नातवंडं न्यू जर्सीत. त्यांना मराठी येत नाही. व्हिडिओ कॉलवर हात हलवून झाला की पुढं बोलायचं काय, म्हणून काकांनी इंग्रजीची वही घातली. त्या दिवशी 'यूज्ड टू' चाललं होतं. आपल्या व्याकरणात ज्याला रीती भूतकाळ म्हणतात, तो. पूर्वी करत असे, आता नाही. काकांनी दहा वाक्यं लिहून आणली. 'आय यूज्ड टू कॅच द एट-ट्वेल्व्ह लोकल.' 'आय यूज्ड टू प्ले कॅरम.' नऊ वाक्यं अचूक. दहावं होतं, 'माय वाइफ इज मेकिंग व्हेरी गुड टी.'

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

वाक्यात चुका दोन. पहिली मी सांगितली. 'काका, नेहमीची सवय असेल तर आयएनजी नको, नुसतं मेक्स.' त्यांनी खोडून नीट लिहिलं, 'माय वाइफ मेक्स व्हेरी गुड टी', आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं होतं, आम्ही दोघंच होतो, म्हणजे नियमातल्या अटी पुऱ्या झाल्या होत्या. आणि ज्या माणसाला आदल्या नऊ वाक्यांत 'यूज्ड टू' येतं, त्याला दहाव्यात येत नव्हतं असं थोडंच आहे? काळ त्यांना चांगला कळत होता. वेळ यायची होती. ती माझ्या लाल पेनानं आणायची नव्हती.

मी बरोबरची खूण केली. दहापैकी दहा.

'पुढच्या वेळी काय?' काकांनी वही मिटत विचारलं.

'फ्युचर टेन्स.'

'तो थोडक्यात आटपलात तरी चालेल, सर,' काका म्हणाले आणि चहाला उशीर होतोय म्हणून उठले.