विक्रेत्याचें मौन

वैशाख सरत आला म्हणजे कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं लहान होड्या वर ओढून घेण्याची लगबग सुरू होते. भरतीच्या पाण्याबरोबर होडी जितकी वर नेतां येईल तितकी न्यावयाची, पुढें ओंडक्यांवरून माणसांनीं ओढावयाची, दोहों बाजूंस टेके द्यावयाचे आणि वर नारळाच्या झांपांचें छप्पर घालावयाचें. मग नारळी पौर्णिमेपर्यंत तिची व समुद्राची ताटातूट. याच दिवसांत एखाद्या जुन्या होडीच्या धन्याच्या मनांत ती विकून टाकण्याचा विचार येतो. कारण पावसाळ्यापूर्वीं तिच्यावर खर्च करावयाचा कीं तिला गिऱ्हाईक पाहावयाचें, हा प्रश्न त्यास याच वेळीं पडतो. प्रश्न व्यवहाराचा दिसतो, परंतु त्याच्या पोटांत नीतीचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. आपल्या मालाचे जे दोष विकणाऱ्यास ठाऊक आहेत, ते त्यानें घेणाऱ्यास न विचारतां सांगितले पाहिजेत काय? कीं विचारल्यास खोटें बोलूं नये, एवढेंच त्याचें कर्तव्य?

आमच्यापुढें हा प्रश्न आला तो पुस्तकांतून नव्हे. आमच्यापाशीं एक सोळा फुटी शिडाची होडी होती. सागाच्या फळ्यांची, एका डोलकाठीची, दोन माणसांना पुरेशी व चौघांना दाटीची. आम्ही घेतली तेव्हांच ती तरुण नव्हती. आमच्या हातीं तिचीं आणखी वीस वर्षें गेलीं. हल्लीं त्या किनाऱ्यावर जिकडे तिकडे यंत्राच्या आणि फायबरच्या होड्या दिसतात. लाकडी शिडाची होडी बाळगणें हा हौसेचा भाग उरला आहे. परंतु हौसेलाही गुडघे लागतात, आणि आमचे थकले. म्हणून ती विकावयाचें ठरविलें.

ज्यांचा अशा वस्तूशीं संबंध आला नाहीं, त्यांस तिची निगा म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लाकडाची होडी ही एकदां बांधून संपणारी वस्तु नव्हे. खारें पाणी लाकडास फारसें कुजवीत नाहीं. कुजवितें तें पावसाचें गोडें पाणी, आणि तेंही जेथें वारा लागत नाहीं अशा कोपऱ्यांत सांचून. लोखंडी खिळा गंजला कीं आपल्याबरोबर भोंवतालचें लाकूडही खातो. फळ्यांच्या सांध्यांत भरलेला कापूस कांहीं वर्षांनीं काढून नवा ठांसावा लागतो. शीड ओलें गुंडाळून ठेवलें तर त्यास बुरशी धरते, आणि उन्हांत पसरून विसरलें तर त्याचें कापड विरतें. परंतु सर्वांत मोठा शत्रु म्हणजे लाकूड पोखरणारा तो समुद्रांतील जीव, ज्यास लोक किडा म्हणतात, पण जो वस्तुतः शिंपल्याच्या कुळांतला आहे. तो अगदीं लहान असतांना टांचणीच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून आंत शिरतो, आंतल्या आंत वाढतो, आणि बोटाएवढीं बिळें करतो. बाहेरून फळी जशीची तशी दिसते. तळाला वेळच्या वेळीं लेप दिला नाहीं, एखादा हंगाम आळस केला, कीं त्याला दार उघडें मिळतें.

आम्ही एक हंगाम आळस केला होता.

विक्रीपूर्वीं होडी नीटनेटकी करावी म्हणून आम्ही एका वृद्ध सुतारास बोलाविलें. त्यानें तळाखालीं वांकून लांकडी हातोडीनें एकेक फळी ठोकून पाहिली. मागच्या बाजूस, तळाच्या मुख्य वाशालगत, आवाज बदलला. त्यानें खिशांतला चाकू काढून तेथें टेंकविला, तों पातें मुठीपर्यंत आंत गेलें. दोन फळ्या तरी बदलणें भाग होतें, आणि त्याचा खर्च, आम्ही जी किंमत मनांत धरली होती तिच्या निम्म्यावर जात होता. त्याच रविवारीं एक तरुण शिक्षक आपल्या पत्नीस व दोन मुलांस घेऊन होडी पाहण्यास यावयाचे होते.

“मेस्त्री, सध्यां लांबी भरून वर रंग दिला तर?” आम्ही विचारलें. तें वाक्य आमच्या तोंडून निघालें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

“रंग लांकडाला देतात, भाऊ,” तो म्हणाला. “भोंकाला नाहीं देत.”

एवढें बोलून तो चाकू पुसूं लागला. परंतु आमच्या मनांत वाद सुरू झाला, आणि तो वाद दोन हजार वर्षांपूर्वींच होऊन गेलेला आहे हें आम्हांस पुढें आठवलें.

रोमन वक्ता सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व 44 मध्यें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचा मतभेद दिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोंचला आहे. मागून धान्याचीं आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. त्यानें तें सांगावें कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, लपविणें निराळें आणि न बोलणें निराळें. कायद्यानें जेवढें सांगावयास लावलें आहे तेवढें सांगितलें म्हणजे झालें. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्राचें हित तुझें हित आहे. जें कळलें असतां समोरच्याचें भलें होईल तें तूं आपल्या लाभासाठीं दडवून ठेवूं शकत नाहींस. हाच वाद पुढें कुजक्या लाकडाच्या व रोगट घराच्या विक्रीवरून चालतो, आणि डायोजेनीस हंसून विचारतो कीं ‘रोगट घर विकणें आहे’ अशी दवंडी कोणी पिटतो काय? सिसेरो आपला कौल अँटिपेटरच्या बाजूनें देतो.

आपल्याकडील स्मृतिकारांनींही विक्रेत्यास मोकळें सोडलेलें नाहीं. एका मालांत दुसरा मिसळून विकूं नये, निकस किंवा झांकलेला माल विकूं नये, असें मनु सांगतो. आणि व्यवहाराचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत वस्तु परत देण्याघेण्याची मुभाही ठेवतो. याज्ञवल्क्यानें तर निरनिराळ्या वस्तूंच्या परीक्षेसाठीं निरनिराळी मुदत घातली आहे: बियाण्यास दहा दिवस, ओझ्याच्या जनावरास पांच, दुभत्या जनावरास तीन. त्यांतील तत्त्व मोठें मार्मिक आहे. जो दोष जितक्या काळांत उघडा पडतो, तितका काळ घेणाऱ्यास मिळाला पाहिजे. होडीस हाच न्याय लावला तर एक संपूर्ण हंगाम द्यावा लागेल. आणि तो देतां येत नसेल, तर त्या हंगामांत जें कळलें असतें तें विक्रेत्यानेंच आधीं सांगावयास हवें.

प्रचलित कायदा मात्र डायोजेनीसच्या अधिक जवळ आहे. 1872 च्या करारविषयक कायद्याचें 17 वें कलम सांगतें कीं, नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. त्याखालीं उदाहरण दिलें आहे तें घोड्याचें: लिलांवांत घोडा विकणारा त्याच्या अंगचा दोष जाणतो आणि बोलत नाहीं; तें कपट ठरत नाहीं. परंतु लगेच दुसरें उदाहरण येतें. घेणारी जर विकणाऱ्याचीच नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. तिसऱ्यांत घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालतों’. येथें विकणाऱ्याचें मौन हेंच भाषण होय.

आम्हीं या तीन उदाहरणांवर पुष्कळ विचार केला, आणि आमचें मत असें झालें कीं, जुनी होडी विकणारा मनुष्य पहिल्या उदाहरणांत कधींच नसतो. घोडा लंगडा निघाला तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात. होडी पोंचट निघाली तर घेणाराच बुडतो. शिवाय होडीत पाय ठेवणारा तिच्यावर जो विश्वास टाकतो, तो लिलांवांतील बोली करणाऱ्याचा नसतो. तळाची फळी पायाखालीं आहे, दिसत नाहीं, आणि ती तेथें आहे हें तो न विचारतां गृहीत धरतो. हें गृहीत धरणें म्हणजेच तें तिसऱ्या उदाहरणांतील वाक्य होय, फक्त तें उच्चारलेलें नसतें. अशा ठिकाणीं आपण गप्प बसलों तर आपण ‘फळी चांगली आहे’ असें म्हटल्यासारखेंच आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे. तें खरें आहे, आणि जे दोष डोळ्यांस दिसतात त्यांच्यापुरतें तें पुरेसेंही आहे. विटलेलें शीड, चिरलेलें वल्हें, गंजलेला नांगर यांची यादी वाचून दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं ज्ञान असें असतें कीं तें केवळ सहवासानें येतें. कोरडी पडलेली होडी पाण्यांत घातली कीं पहिल्या दिवशीं गळते, आणि फळ्या फुगून सांधे मिटले कीं गळती थांबते. हें प्रत्येक जाणता विक्रेता गिऱ्हाइकास सांगतो, आणि तें खरें आहे. पण याच खऱ्या वाक्याच्या आड न थांबणारी गळती सहज लपवितां येते. सत्याचा उपयोग असत्याचें पांघरूण म्हणून करतां येतो, हें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें जुनी होडी विकून पाहावी.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. विक्रेत्याचा स्वतःचाच जर प्रामाणिक समज असेल कीं होडी चांगली आहे, तर त्याचा काय अपराध? या आक्षेपास इंग्रज गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड यानें 1877 सालीं उत्तर देऊन ठेविलें आहे. त्याच्या निबंधांतील जहाजमालकास आपलें जुनें जहाज परदेशीं जाणाऱ्या कुटुंबांना घेऊन निघण्यापूर्वीं शंका येतात. तो त्या दडपतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीही होईल असें मनास पटवितो, आणि शेवटीं त्यास मनापासून तसें वाटूंही लागतें. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. आणि जहाज बुडालें नसतें तरी दोषीच ठरला असता, कारण तसें मानण्याचा त्यास अधिकार नव्हता. आम्हांस या दृष्टान्तांत आमचें तोंड दिसलें. वीस वर्षें ज्या होडीनें सुखरूप परत आणलें, तिच्याविषयीं वाईट मत होणें कठीण असतें. प्रेम हें येथें साक्षीदार म्हणून कुचकामाचें आहे. म्हणून विक्रेत्याचें कर्तव्य माहीत असलेलें सांगण्यापाशीं संपत नाहीं. चाकू टोंचून पाहण्यापासून तें सुरू होतें.

कोणी म्हणेल, इतकें सगळें सांगूं लागलें तर जुनी वस्तु विकलीच जाणार नाहीं, आणि शेवटीं ती सरपणास जाईल. आमचा अनुभव निराळा आहे. पण अनुभव निराळा नसता तरी मत हेंच राहिलें असतें. जी वस्तु खरें सांगून विकली जात नाहीं, तिची खरी किंमत तितकीच आहे. आपण तिच्यावर वीस वर्षांत काय खर्च केला हा हिशेब घेणाऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. त्या खर्चाचा मोबदला आपण त्या त्या वर्षीं वाऱ्यावर घेऊन चुकलों आहों. आठवणी तर विकाऊ नाहींतच. किमतींत धरलेला आठवणींचा आंकडा हाच बहुधा सौदा मोडणारा आंकडा असतो. आणि जिची निगा आपल्यानें होत नाहीं ती वस्तु केवळ ममतेनें छपराखालीं कुजत ठेवणें, हाही तिच्याशीं केलेला एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच होय.

त्या रविवारीं ते शिक्षक आले. मुलें होडीवर चढून सुकाणूशीं खेळूं लागलीं. आम्हीं त्यांस खालीं बोलाविलें, चाकू त्यांच्या हातीं दिला आणि कोठें टोंचावयाचा तें दाखविलें. पातें आंत गेलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “आपण सांगितलें नसतें तर मला कळलें नसतें.”

“म्हणूनच सांगितलें,” आम्ही म्हणालों.

फळ्यांचा खर्च किमतींतून वजा करून सौदा ठरला. फळ्या त्याच सुतारानें घातल्या, आणि पौर्णिमेनंतर होडी पाण्यांत गेली. पहिल्या दिवशीं ती गळली, तिसऱ्या दिवशीं थांबली. आम्हांस किती कमी मिळाले याचा आंकडा आजही आठवतो; तें आमच्या मनाच्या कमकुवतपणाचें लक्षण समजावें. परंतु संध्याकाळीं खाडीच्या तोंडाशीं तें शीड दिसतें, त्यांत दोन लहान मुलें बसलेलीं असतात, आणि वारा वाढला तरी आम्हांस उठून उभें राहावें लागत नाहीं. कमी मिळालेले पैसे कशाचे होते, तें त्या वेळीं कळतें.