कापणीपर्यंत थांबायचे का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शेताचा एक दृष्टांत येतो. धन्याने चांगले बी पेरले, आणि माणसे झोपेत असताना शत्रूने त्याच गव्हात निदण पेरून ठेवले. रोपे वर आल्यावर चाकरांनी विचारले, उपटून टाकू का? धनी नको म्हणाला. निदण उपटताना गहूही हाती येईल; दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या, मग निदणाच्या पेंढ्या बांधून जाळा आणि गहू कोठारात भरा. मराठी बायबलाने ‘निदण’ हा शब्द घेतला, त्यामुळे निंदणीला जाणाऱ्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. धन्याचा हुकूम मात्र तिला चमत्कारिक वाटेल. तण डोळ्यांना दिसते आहे, खुरपे हातात आहे, आणि थांबायचे?

या थांबण्यावरून ख्रिस्ती जग शतकानुशतके भांडले. उत्तर आफ्रिकेतल्या डोनॅटिस्ट पंथाशी वाद घालताना ऑगस्टीनला आधी श्रद्धेच्या बाबतीत बळजबरी नको वाटे. 408 च्या सुमारास व्हिन्सेंटियस नावाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात त्याने आपले मत बदलल्याचे उघड सांगितले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने असा अर्थ लावला, की गव्हाला धक्का लागण्याचे भय नसेल तर पाखंड्याला देहदंड देण्याच्या आड हा दृष्टांत येत नाही. उलट 1644 मध्ये रॉजर विल्यम्सने त्याच दृष्टांताच्या आधारे लिहिले, की श्रद्धेसाठी राजसत्तेने कोणावरही तलवार उगारू नये. उपटावे की थांबावे, एवढ्याभोवती हा वाद फिरत राहिला. शेतातले तण कोणते, हा प्रश्न मागेच पडला. खरे तर सगळे त्या प्रश्नावरच अडते. थांबणे हा सद्गुण आहे की बेपर्वाई, हे त्या तणाचे बी कधी गळते यावरून ठरते.

दृष्टांतातले निदण म्हणजे डार्नेल हे गवत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोवळेपणी ते गव्हासारखेच दिसते. त्याचे दाणे पिकले तरी कणसाला धरून राहतात, गव्हाबरोबर कापले जातात, गव्हाबरोबरच खळ्यावर येतात. त्याचे बी मातीत फार काळ टिकत नाही. पुढच्या वर्षी शेतात परतायला त्याला माणसाचा हात लागतो: बियाण्यात मिसळून पेरले गेले तरच ते उगवते. म्हणून बियाणे नीट स्वच्छ होऊ लागल्यावर डार्नेल अनेक देशांतून जवळजवळ नाहीसे झाले. हे कळल्यावर धन्याचा सल्ला भाबडा वाटत नाही. कापणीपर्यंत थांबा, पेंढ्या वेगळ्या बांधा, जाळा. या तणाचे चक्र तोडण्याची नेमकी जागा तीच आहे. धन्याच्या क्षमाशीलतेइतकेच त्याचे शेतीचे ज्ञानही या सल्ल्यामागे आहे.

आता त्याच शेतात डार्नेलऐवजी जंगली ओट उगवला आहे असे समजा. कॅनडाच्या प्रेअरीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, आणि आपल्याकडे पंजाब-हरियाणाच्या गव्हातही, जंगली ओटांच्या जातींनी शेतकऱ्याला जेरीस आणले आहे. उत्तरेत त्याला जंगली जई म्हणतात. गव्हाच्या ताठ ओंब्यांच्या वर त्याचा मोकळा, झुकलेला तुरा डोलतो. त्या तुऱ्यातले दाणे शेंड्याकडून खाली पिकत येतात, आणि पिकले की गव्हाला विळा लागण्याआधीच गळू लागतात. तपकिरी, केसाळ तुसातल्या या दाण्याला एक लांब कुसळ असते, मध्येच गुडघ्यासारखे वाकलेले आणि खालच्या भागात दोरीसारखे पिळलेले. दव पडले की पीळ उलगडतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. या उलट-सुलट फिरण्याने दाणा ढेकळांच्या फटीत सरकत जातो आणि मातीत रुततो. तिथे त्यातले काही दाणे त्याच वर्षी उगवतात, काही पुढच्या, आणि थोडे चार-पाच वर्षे निजून राहतात. या शेतात कापणीपर्यंत थांबणाऱ्याला पेंढ्या बांधायला नुसता पेंढाच मिळेल. जाळायचे ते आधीच जमिनीत गेलेले असेल.

मग अक्वायनसचे खरे म्हणायचे, दिसेल तिथे उपटायचे? इथे शेतीच्या इतिहासाचे दुसरे पान उघडावे लागते. जंगली ओटावर विसाव्या शतकात एकामागून एक तणनाशके आली. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात डायक्लोफॉपला न जुमानणारा जंगली ओट सापडला, आणि पुढच्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टात ट्रायअलेटला न दबणारा. औषधाने प्रतिकारशक्ती निर्माण केली नाही. लाखो रोपांत जी दोन-चार आधीच निराळी होती त्यांना त्याने मोकळे रान दिले. निर्मूलनाचा अट्टाहास धरणारा स्वतःच्या हाताने निवड करत असतो, आणि त्याने निवडलेले तण पहिल्यापेक्षा चिवट असते. याउलट उत्तरेतले काही शेतकरी गव्हाच्या जागी एखादा हंगाम बरसीम घेतात. चाऱ्यासाठी ते पुन्हा पुन्हा कापले जाते, त्याबरोबर जंगली जईही कापली जाते, आणि तिला दाणा धरायला सवडच मिळत नाही. तिथे तणाला नाहीसे करायची शपथ कोणी घेतलेली नसते. मातीतला साठा भरला जात नाही, एवढेच; आणि न भरणारा साठा वर्षागणिक आटतो.

आपल्या परंपरेला ही गोष्ट परकी नाही. पतंजलीने योगसूत्रांत क्लेशांच्या, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांच्या, चार अवस्था सांगितल्या: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. निजलेला, पातळ झालेला, मध्येच दबलेला आणि भरात आलेला. दिसत नाही म्हणजे नाही असे नव्हे, हे त्यात गृहीत आहे. आणि नष्ट होण्याआधी एखादी गोष्ट पातळ करता येते, हेही. त्या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात भाजलेल्या बीजाची उपमा येते, तिचाही रोख बीजाची उगवण्याची शक्ती संपण्यावर आहे. वाईटाशी झुंजणाऱ्याने लक्ष कुठे ठेवावे, हे मला यातून स्पष्ट होते. वर दिसणाऱ्या रोपाइतकेच, किंबहुना जास्त, खाली पडणाऱ्या दाण्याकडे.

यावर पहिला आक्षेप असा, की माणसे तण नव्हेत; तणाचा गहू होत नाही, माणूस बदलतो. क्रिसोस्टम या प्राचीन ख्रिस्ती धर्मोपदेशकाने याच दृष्टांतावर प्रवचन करताना म्हटले, की आज निदण असलेले उद्या गहू होऊ शकतील, म्हणून मारू नका. आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि वनस्पतिशास्त्रही त्याला दुजोरा देते. आपण नाश्त्याला खातो तो ओट एके काळी गव्हातले तणच होता. शेती थंड उत्तरेकडे सरकली तशी गव्हाने हार खाल्ली आणि तणाचे पीक झाले, हे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोवने दाखवून दिले. म्हणूनच रोखायचे ते कृत्य, कर्ता नव्हे, असे मी म्हणतो. दाणा गळू न देणे आणि रोप जाळणे यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. बी गळण्याआधी रोखा, हेच तर प्रत्येक धर्मन्यायाधीश म्हणत आला: पाखंड पसरण्याआधी तोंड बंद करा. मारू नका म्हणणाऱ्या क्रिसोस्टमनेही पाखंड्यांच्या सभा मोडायला आणि त्यांचे बोलणे थांबवायला मोकळीक ठेवलीच होती. माझा युक्तिवाद त्याच दारातून आत जातो का? ओळख पटवण्याची रीत पाहिली तर जात नाही. गव्हाच्या पानाच्या बुडाशी दांड्याला वेढणारे दोन बारीक कान असतात. जंगली ओटाच्या पानाला ते नसतात. भिन्न धर्मांचे दोन शेतकरी त्याच रोपापाशी उकिडवे बसले तरी दोघे एकच उत्तर देतील, आणि त्या रोपाने किती गहू खाल्ला हे दोघांनाही मोजता येईल. पाखंडाचे तसे नाही. तिथे कान आहेत की नाहीत हे एकाच पक्षाच्या ग्रंथावरून ठरते, आणि नुकसान त्याच पक्षाला दिसते. विल्यम्सने रेघ याच ठिकाणी ओढली होती: शेजाऱ्याच्या जिवाला, मालमत्तेला, गावाच्या शांततेला लागलेला धक्का सत्तेने जरूर थांबवावा, कारण तो सर्वांना दिसतो. श्रद्धेच्या शेतात मात्र आपल्या हाती ते पान उलटून पाहण्याची सोय नाही, आणि तिथे धन्याचा ‘नको’ आजही लागू आहे.