कच्च्या रंगाचा निवाडा

जयपूरहून अजमेरच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर बगरू आहे. तिथले छीपा हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळसर कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या शाईचा ठसा काळा उमटतो. तुरटीचा ठसा मात्र फिकट, सहज नजरेत न भरणारा. कापड मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या कढत पाण्यात शिरलं की तोच ठसा लाल होतो. छपाई करणाऱ्याला तो लाल आधीच ठाऊक असतो, कारण तुरटी दर वेळी तशीच वागते.

पोरांबद्दलही आपण त्याच खात्रीने बोलतो: ‘हा पुढे नाव काढणार.’ मला प्रश्न पडतो तो असा, की माणसाबद्दल असं बोलायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात, शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसूनच राहिला. त्या धावफलकावरून भविष्य सांगायचं तर विनोद पुढे होता. १९९३ मध्ये त्याने कसोटीत लागोपाठ दोन द्विशतकंही ठोकली. सरासरी ५४ ची असताना तेविसाव्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली. अमोलने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांचा टप्पा ओलांडला, पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक तोच होता. तिघेही रमाकांत आचरेकर सरांच्या नजरेखाली वाढलेले. सरांची नजर कमी पडली, असं कोण म्हणेल?

अमेरिकेच्या एनबीएत तर नवख्या बास्केटबॉलपटूंचं भविष्य जोखणं हा पगारी धंदा आहे. तिथेही २०१४ च्या निवडीत निकोला योकिच ४१ वा निवडला गेला आणि पुढे तीनदा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हुकलेल्या अंदाजाची किंमत संघ मोजतो. मला जास्त काळजी वाटते ती ठामपणे बांधलेल्या अंदाजाची, कारण त्याची किंमत मुलगा मोजतो.

२०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी त्याच्या धावा आटल्या, तेव्हा ती थांबवावी असं घरच्यांनीच कळवलं. शिष्यवृत्ती पत्र लिहून थांबवता येते. लोकांच्या अपेक्षेला असं पत्र पाठवता येत नाही. ‘हा मोठा होणार’ हे आपल्याला कौतुक वाटतं, पण ते त्या मुलाच्या नावावर आपण काढलेलं कर्जही असतं. त्याला न विचारता काढलेलं.

कोणी म्हणेल, निवड तर करावीच लागते. खरं आहे. संघात जागा अकराच, पैसे मोजके, प्रशिक्षकाचा दिवसही तेवढाच. निवाडा न करणं हाही पळपुटेपणाच. पण ‘आज हा चांगला खेळतो, उद्याचा सामना याला द्या’ हा एक निवाडा झाला आणि ‘हा तारा होणार’ हा दुसरा. पहिल्याला पुरावा असतो, आणि तो चुकला तर आठवड्याभरात बदलता येतो. दुसरा बदलायची वेळ येते तेव्हा मुलगाच अपयशी ठरवला जातो, निवाडा करणारे नाहीत.

आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्याला ते मिळे. सचिन टिकला तर त्याला. त्या नाण्यातही निवाडा होताच, पण तेवढ्या सरावापुरता. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली. एका मुलाबद्दल एका वेळी एक रुपयाहून जास्त खात्री बाळगू नये, असं मला वाटतं.