फळाची हमी नसलेला विश्वास

संकटात सापडलेल्या माणसाला धीर देणे हे सर्वच धर्मांनी आपले काम मानले आहे. मात्र हा धीर कशाच्या आधारावर द्यायचा, याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. ख्रिस्ती धर्मविचारात या आधाराला ‘विश्वास’ म्हणतात, आणि ईश्वराचे अस्तित्व मान्य करण्यापलीकडे जाऊन त्याच्या चांगुलपणावर विसंबून आपले आयुष्य त्याच्या हवाली करणे, असा त्याचा आशय असतो. या विश्वासाविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. विश्वास ठेवला की संकट टळते, हा पहिला; जे घडते ते देवाच्या इच्छेनेच घडते, तेव्हा मुकाट्याने सोसावे, हा दुसरा. पहिल्यात विश्वासाचा नवस होतो आणि दुसऱ्यात दैववाद. बायबल आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहास शेजारी ठेवून वाचले, तर तिसरी भूमिका दिसते: संकट टळण्याची हमी नसतानाही दुसऱ्याच्या संकटाचा भार उचलण्याचे बळ जो देतो, तो विश्वास.

जुन्या करारात, म्हणजे येशूपूर्व यहुदी धर्मग्रंथांच्या संग्रहात, हबक्कूकाचे अवघ्या तीन अध्यायांचे पुस्तक आहे. संदेष्टा म्हणजे देवाच्या वतीने लोकांशी बोलणारा. हबक्कूक मात्र आरंभीच लोकांची बाजू घेऊन देवाशी भांडतो आणि डोळ्यांदेखत अन्याय चालला असता तो गप्प का, असा जाब विचारतो. अखेरच्या अध्यायात अंजिराला बहर नाही, द्राक्षवेली रित्या आहेत, शेत पिकलेले नाही आणि गोठा ओस पडला आहे, असे चित्र उभे करून तो तशाही स्थितीत देवाच्या ठायी आनंद मानण्याचा निश्चय करतो. पीक येईलच, असे आश्वासन त्याला तेथे मिळालेले नाही. मराठवाड्यातील उमरी, नायगाव, धर्माबाद या पट्ट्यात पावसाचा एक लांबलेला खंड सोयाबीन-कापसाचे सबंध वर्ष बुडवू शकतो, त्यामुळे तेथील शेतकऱ्याला या प्रकरणाची पार्श्वभूमी समजावून सांगावी लागत नाही. नव्या करारातही गेथशेमाने बागेत येशू स्वतःवरचे मरण टळावे म्हणून व्याकूळ होऊन प्रार्थना करतो. तक्रार करणे किंवा भीती कबूल करणे हे बायबलने विश्वासाच्या आड येणारे मानलेले नाही, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात येते.

मराठवाड्याच्या स्मरणातून न पुसलेले संकट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे आहे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झोपी गेलेली हजारो माणसे किल्लारी परिसरातील भूकंपात घरांखाली गाडली गेली. अशा वेळी ‘कोणाचे पाप भोवले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तेराव्या अध्यायात हाच प्रश्न येतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती, हे येशू साफ नाकारतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचे वागणे बदलायला सांगतो. मृतांवरचा ठपका निघतो आणि प्रश्न जिवंतांकडे वळतो. किल्लारीत माणसे मोठ्या संख्येने दगावली, त्यामागे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती हे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे पुढची घरे कशी बांधायची, हा प्रश्न या दृष्टीने धर्माबाहेरचा राहत नाही.

दुसऱ्याचा भार उचलण्याच्या बळाला धैर्य म्हणता येईल; पण उमरीच्या इतिहासात धैर्य म्हटले की हैदराबाद मुक्तिसंग्रामातील उमरी बँकेवरचा जानेवारी १९४८ चा छापा आठवतो. तेथे प्रतिपक्ष स्पष्ट होता आणि सप्टेंबर १९४८ मध्ये त्या लढ्याचा निकालही लागला. दुष्काळ, साथ आणि कर्ज यांना असा चेहरा नसतो, त्यांच्याविरुद्ध विजयाचा दिवस ठरलेला नसतो, आणि म्हणून तेथे लागणारे धैर्य वर्षानुवर्षे टिकावे लागते. मराठवाड्यात त्याचे एक जुने उदाहरण नारायण शेषाद्री यांचे आहे. स्कॉटिश मिशनच्या सहवासात १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मण तरुणाचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने वडिलांकडे परत गेला, आणि त्याला जातीत पुन्हा घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. घर आणि जात असे दोन्ही आधार सुटल्यावर शेषाद्रींनी पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, मुख्यतः मांग व महार समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल हे गाव वसवले.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात विश्वासाची ही तिसरी भूमिका सर्वाधिक ठळक होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलविधी, घेतल्यावरही त्यांनी तेथील धर्माधिकाऱ्यांची आज्ञा डोळे मिटून मानली नाही आणि सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य सोडले नाही. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेतील मुलींवरील ख्रिस्ती प्रभावावरून पुण्यात वादळ उठले, तेव्हा रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या पाठीराख्यांनीही सल्लागार मंडळ सोडले. तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हेळसांडीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातून सरकारलाही धारेवर धरले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून चाललेले बायबलच्या मराठी अनुवादाचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही, आणि तो संपूर्ण अनुवाद त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चित्रावर एक गंभीर आक्षेप आहे. भुकेल्याला अन्न देणारा आणि धर्म सांगणारा एकच असेल, तर घेणाऱ्याचा होकार कितपत मोकळा मानावा? याला रमाबाईंच्याच आयुष्यातील निकष लावणे न्याय्य ठरेल: जे स्वातंत्र्य त्यांनी वाँटेजला स्वतःसाठी मागितले, ते मुक्ती सदनातील मुलीला किती मिळाले, हे तपासलेच पाहिजे. मोबदल्याची अपेक्षा ठेवून केलेली मदत विश्वासाचे धैर्य दाखवत नाही, कारण तिला फळाची हमी आधी हवी असते.

येथून विश्वासाची एक कसोटी हाती येते, आणि ती देव न मानणाऱ्यालाही लावता येते: प्रार्थना आटोपल्यावर माणूस कोणते काम हाती घेतो? बुडालेल्या हंगामानंतर शेजाऱ्याला पेरणीपुरते बियाणे देणे, सावकाराचा हिशेब तपासताना कर्जदारासोबत बसणे, शेतकऱ्याच्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागावे म्हणून तिच्याबरोबर तलाठ्याकडे खेटे घालणे, ही कामे कोणताही चमत्कार घडवत नाहीत आणि त्यांतली काही फसतातही. ती फसू शकतात हे ठाऊक असूनही जी मंडळी दर वर्षी नव्याने ती अंगावर घेते, तिनेच हबक्कूकाचा निश्चय खऱ्या अर्थाने वाचला, असे म्हणता येईल.