व्हर्निअर तुमच्या हातात आहे

कानशी खाली ठेवा, व्हाइसमधले जॉब तसेच राहू द्या आणि सगळे इकडे या. भिंतीला टेकून उभे आहात त्यांनीसुद्धा. बघून न बघितल्यासारखं करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आज बोलणार आहे. कडू लागलं तरी ऐकून घ्या.

सकाळपासून एकामागून एक जण माझ्या टेबलापाशी येतोय आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘सर, झालंय का बघा.’ मी काय बघू? ड्रॉइंगवर माप लिहिलंय, ५० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०४. बेंचवर व्हर्निअर आहे, तो ०.०२ पर्यंत माप दाखवतो. गुण्या आहे. जॉबला गुण्या लावून खिडकीकडे धरलात की कानस कुठे जास्त चाललीय ते फटीतला उजेडच दाखवतो. एवढं सगळं हाताशी असताना तुम्ही माझं तोंड बघत उभे राहता! एकाचा जॉब मी मोजला, ४९.८८ भरला. कानशीने खाल्लेलं लोखंड परत चिकटत नाही. मधे थांबून मोजलं असतं तर जॉब वाचला असता. पण मोजलं की चूक कळते, आणि कळली की निस्तरावी लागते. त्यापेक्षा सरांच्या गळ्यात टाकलेलं बरं, असंच ना?

खरं दुखणं हेच आहे. तुम्ही आळशी नाही. सांगितलं की घाम गाळता, हे मला दिसतं. पण सांगितल्याशिवाय हात हलत नाही. दोन वर्षं अशीच काढलीत तर इथून फिटर बाहेर पडणार नाहीत, सांगकामे बाहेर पडतील. आणि सांगकाम्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या हाकेची वाट बघावी लागते.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, ‘सर, लेथच कमी आहेत.’ आहेत कमी. एका लेथवर चौघांना उभं राहावं लागतं, ते मला मान्य आहे आणि त्यासाठी वर भांडायचं काम माझं आहे, ते मी करतो. पण एकजण लेथ चालवत असताना उरलेले तिघे काय करतात? मोबाइल. अरे, टूल कोणत्या कोनात बांधलंय ते उभ्या उभ्या बघता येत नाही? २५ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार आहे, एचएसएस टूल आहे, कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर धरला तर स्पिंडल किती फेऱ्यांवर लावायचा, हे गणित काढायला लेथ लागतो का? कागद-पेन्सिल पुरते. उत्तर ३८० च्या आसपास येतं. काल विचारलं तेव्हा एकालाही आलं नाही. मशिन कमी असणं हा तुमचा दोष नाही. पण मोकळा वेळ मातीत घालणं हा तुमचाच दोष आहे, तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारू नका.

दुसरी तक्रार, ‘ट्रेडनंतर पुढे काय करता येतं ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे, तुमच्या आई-बापांच्याही आधीचा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पुरा केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, ही वाट कित्येक वर्षं उघडी आहे. हातातल्या मोबाइलवर सिनेमाच्या तारखा सापडतात, मग हे का सापडत नाही? एक माजी विद्यार्थी मागे भेटायला आला. उमेदवारी अर्धवट सोडून घरी बसला होता. कारण काय, तर ‘कंपनीत कोणी शिकवत नाही, नुसतं सामान उचलायला लावतात.’ मी विचारलं, ‘जेवणाच्या सुट्टीत एखाद्या जुन्या कारागिराजवळ जाऊन बसलास का? एखादं ड्रॉइंग वाचायला मागितलंस का?’ मान खाली. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! कंपनीत हरी नसतो रे, शिफ्ट असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही पंपावर वाचलंय. माणूस कोण होता ते वाचलंत का? १८६९ चा जन्म. मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. चित्रकार व्हायला निघालेल्याला यापेक्षा मोठा तडाखा कोणता? ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तर नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी जागा दिली ती निवडुंगाने भरलेल्या माळावर, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजांनी मदत केली हे खरंच. पण मदत मिळाली तेव्हा हा माणूस हात जोडून बसलेला नव्हता, त्याच्याकडे केलेलं काम होतं. तुम्ही मोठे कारखानदार व्हा असं मी म्हणत नाही. एक दार बंद झालं की पुढचं पाऊल कोणतं, एवढं स्वतःचं स्वतः ठरवायला शिका म्हणतो.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी सांगणारं कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. कोणाचे वडील ऊसतोडीला जातात, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. ज्याच्या मागे घरची इस्टेट आहे त्याला दोन वर्षं वाया घालवून चालेल, तुम्हाला चालणार नाही. म्हणूनच जीव तोडून बोलतोय. माझा पगार तुम्ही शिकलात तरी तेवढाच आणि नाही शिकलात तरी तेवढाच. नुकसान फक्त तुमचं आहे, आणि ते मला बघवत नाही.

तेव्हा सोमवारपासून ‘झालंय का बघा’ हे वाक्य या वर्कशॉपमध्ये चालणार नाही. जॉबबरोबर एक कागद आणायचा. त्यावर तुम्ही स्वतः घेतलेली मापं, कुठे चुकलं, का चुकलं आणि पुढच्या जॉबला काय वेगळं करणार, एवढं तुमच्या अक्षरात. शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवलंत तर मला एका नजरेत कळतं. ज्याच्या कागदावर चूक लिहिलेली असेल त्याला मी शिकवीन, सुट्टीची घंटा झाल्यावर थांबूनही शिकवीन. ज्याचा कागद कोरा असेल, त्याच्या जॉबला मी हात लावणार नाही.